नकार देणारे वडील आणि कॅमेऱ्यामागचा मुलगा : ज्यू आत्मचरित्रात्मक माहितीपटांविषयी

पडद्यामागे

आत्मचरित्रात्मक माहितीपट म्हटला की दिग्दर्शक स्वतःविषयी काही सांगणार, असे आपण गृहीत धरतो. न्यूयॉर्कचे दिग्दर्शक अ‍ॅलन बर्लिनर यांचा १९९६ सालचा ‘नोबडीज बिझनेस’ हा तासाभराचा माहितीपट पाहताना हे गृहीतक फार वेळ टिकत नाही. पडद्यावर आहेत त्यांचे वडील ऑस्कर बर्लिनर. पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू स्थलांतरितांचे हे पुत्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात होते, पुढे कपड्यांच्या धंद्यात पडले, त्यांचा घटस्फोट झाला आणि म्हातारपणी ते एकटेच राहत होते. आपले पूर्वज कोण, ते कुठून आले, कसे जगले, असे मुलगा खोदून खोदून विचारतो. वडील वैतागतात. मी चारचौघांसारखा माणूस आहे, माझ्या आयुष्यात सांगण्याजोगे काही नाही आणि ज्यांना मी कधी पाहिलेही नाही त्या पूर्वजांशी मला काही कर्तव्य नाही, असा त्यांचा एकूण पवित्रा आहे.

मुलगा तरीही हटत नाही. तो सॉल्ट लेक सिटीला जाऊन मॉर्मन पंथीयांनी उभारलेल्या प्रचंड वंशावळ-ग्रंथालयात नोंदी धुंडाळतो, पोलंडमधल्या राजग्रूड या गावापर्यंत जाऊन येतो, दूरच्या चुलत-मावस भावंडांना बोलते करतो. ज्यू घराण्याची मुळे शोधायला एका ख्रिस्ती पंथाच्या सूक्ष्मपटांच्या गुंडाळ्या कामी याव्यात, हा विनोद दिग्दर्शकाच्या नजरेतून सुटलेला नाही. एवढे करून आणलेली छायाचित्रे वडिलांसमोर धरली, तरी त्यांच्या आवाजात ओलावा म्हणून येत नाही. बापलेकांची खडाजंगी सुरू झाली की मध्येच मुष्टियुद्धाची जुनी कृष्णधवल दृश्ये येतात, दोन अनोळखी गडी एकमेकांना ठोसे लगावतात, आणि संवादांची लय त्या ठोशांशी जुळवलेली असते.

माझे म्हणणे असे, की या जातीच्या ज्यू माहितीपटांत दिग्दर्शकाची ओळख त्याच्या स्वतःच्या निवेदनातून फारशी उमटत नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नकारातून मात्र ती स्वच्छ उमटते. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, मेणबत्त्या, सणाचे जेवण ही दृश्ये अशा चित्रपटांत असतात, परंतु ती कुणाचीही असू शकतात. काय आठवावे, कुणी आठवावे आणि आठवण्याची सक्ती कुणावर करता येते, यावरून दोन पिढ्यांत जो वाद पेटतो, तो मात्र त्या घराचाच असतो. बर्लिनर यांचा आधीचा ‘इंटिमेट स्ट्रेंजर’ (१९९१) शेजारी ठेवला की हे अधिक स्पष्ट होते. त्यात त्यांचे आईकडचे आजोबा जोसेफ कासुटो आहेत: पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेले, इजिप्तमध्ये वाढलेले, कापसाच्या व्यापारामुळे जपानी लोकांशी जन्माचे नाते जोडलेले. युद्धानंतर कुटुंब ब्रुकलिनमध्ये आणि हे गृहस्थ दीर्घकाळ जपानमध्ये, अशी स्थिती होती. त्यांना आपले आत्मचरित्र लिहायचे होते; ते अपुरे राहिले आणि कागदपत्रांचा ढीग मागे उरला. एका आजोबांना जगाने आपली आठवण ठेवावी असे तळमळीने वाटत होते, तर वडिलांना कुणी विचारूसुद्धा नये असे वाटत होते. नातू आणि मुलगा म्हणून बर्लिनर या दोघांच्या मध्ये उभे आहेत.

मला व्यक्तिशः वडिलांची बाजू मुलाच्या बाजूपेक्षा दमदार वाटते. संकलनाच्या टेबलावर मुलालाही ती तशीच वाटली असावी, अन्यथा सगळी धारदार वाक्ये त्याने वडिलांच्या वाट्याला येऊ दिली नसती. इतरांचे मत वाचायला आवडेल.

संकलक

धागा आवडला. मात्र ‘मुलगा वडिलांना जिंकू देतो’ हे वाचून थोडा थबकलो. मी माहितीपटांचे संकलन करतो, तेव्हा हे व्यवसायाच्या अंगाने लिहितो आहे. कोणते वाक्य कुठे तोडायचे, कोणत्या वाक्यानंतर घंटा वाजवायची आणि कोणत्या शांततेवर ठोसा लावायचा, हे जो ठरवतो तोच लढतीचा पंचही असतो. वडिलांचा नकार चित्रपटात आला तेव्हाच तो नकार उरला नाही, त्याचे साहित्य झाले. ऑस्कर बर्लिनर यांनी माझ्या आयुष्यात काही नाही असे सांगितले आणि मुलाने त्या सांगण्याचाच तासाभराचा चित्रपट करून तो अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीपर्यंत नेला. याला वडिलांचे म्हणणे ऐकणे म्हणायचे की न ऐकणे?

अर्थात दुसरी बाजूही आहे. खरोखरच बोलायचे नसते तर ते खुर्चीत बसलेच नसते. तासन्‌तास माइक लावून बसायचे आणि मला बोलायचे नाही हेच हिरिरीने सांगत राहायचे, हा आपल्याही घरांतल्या वडीलधाऱ्यांचा ओळखीचा प्रेमप्रकार आहे. तरीही ‘स्वतःचे चित्रण’ या शब्दांखाली दुसऱ्याचे चित्रण खपवले जाते, हा माझा आक्षेप कायम आहे.

या बाबतीत डेव्हिड पेर्लोव्ह मला अधिक प्रामाणिक वाटतात. ब्राझीलमध्ये जन्मलेले, पॅरिसमध्ये काही वर्षे काढलेले आणि १९५८ मध्ये इस्रायलला आलेले हे दिग्दर्शक. १९७३ मध्ये त्यांनी कॅमेरा विकत घेतला आणि धंदेवाईक चित्रपटांकडे पाठ फिरवून तेल अवीवच्या घराची खिडकी, रस्ता, पत्नी आणि दोन मुली यांचे चित्रण सुरू केले. ते दहा वर्षे चालले, आणि त्यातून एकेका तासाच्या सहा भागांची ‘डायरी’ तयार झाली. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. जेवणाच्या टेबलावर गरम सूप आलेले आहे, ते खुणावते आहे, आणि पेर्लोव्ह निवेदनात म्हणतात की यापुढे मला सूप पिणे किंवा सूपाचे चित्रण करणे, यांतून एकच निवडावे लागणार. घरच्यांचे चित्रण करणारा माणूस घरातून किंचित बाहेर पडलेला असतो, याची एवढी साधी कबुली मी दुसरीकडे ऐकलेली नाही. पुढे १९७३ च्याच ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध सुरू होते आणि खिडकीतून दिसणारा तोच रस्ता वेगळा दिसू लागतो. पेर्लोव्ह ‘मी ज्यू म्हणजे कोण’ असे कुठेही विचारत बसत नाहीत. मुली मोठ्या होतात, पाहुणे येतात-जातात, वाद होतात, आणि शेवटच्या भागांत हा माणूस ब्राझीलला जाऊन बालपणीच्या जागा पाहून येतो.

वाचकमात्र

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. एक शंका आहे आणि ती खवचटपणे विचारलेली नाही. वडील गप्प, मुलगा चौकस, मध्ये जुने फोटो: हे तर कोणत्याही स्थलांतरित कुटुंबाचे चित्र झाले. इटालियन, आयरिश, पंजाबी किंवा अमेरिकेत तीस वर्षे काढलेले आपले मराठी कुटुंबही याच साच्यात बसेल. मग यात ज्यू असे नेमके काय आहे? दिग्दर्शक ज्यू आहे म्हणून चित्रपटही ज्यू, एवढ्यावर भागत असेल तर चर्चेचा पाया कच्चा आहे.

पडद्यामागे

वाचकमात्र, प्रश्न रास्त आहे आणि ऑस्कर बर्लिनर यांनी आपल्या बाजूनेच मत दिले असते. आपण अमेरिकन आहोत, बाकीचा गुंता मुलाने उकरून काढला आहे, अशीच त्यांची धारणा दिसते.

परंतु राजग्रूडचा विचार करा. इटालियन नातवाला आजोबांच्या गावी गेल्यावर निदान एखादा चुलत भाऊ, एखादे चर्च, एखादी खानावळ भेटते. राजग्रूडमध्ये जे ज्यू मागे राहिले त्यांचा समाजच दुसऱ्या महायुद्धात नष्ट करण्यात आला. त्यामुळे ‘मला त्या लोकांशी कर्तव्य नाही’ या वाक्यात म्हाताऱ्याचा तिरसटपणा किती आणि त्या दिशेला पाहायचेच नाही हा निर्धार किती, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. दिग्दर्शकही ते ठरवून देत नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. नकाराला इथे एक असा तळ आहे जो इतर स्थलांतरितांच्या नकाराला सहसा नसतो.

शांताल आकरमन यांच्या चित्रपटांत हाच तळ अधिक उघडा पडतो. ब्रुसेल्समध्ये वाढलेल्या आकरमन यांची आई मूळची पोलंडची. आउशविट्झच्या नाझी छळछावणीतून ती परत आली, तिचे आईवडील आले नाहीत. १९७७ च्या ‘न्यूज फ्रॉम होम’मध्ये पडद्यावर फक्त न्यूयॉर्क आहे: रस्ते, भुयारी रेल्वेचे डबे, अनोळखी चेहरे. आईने ब्रुसेल्सहून पाठवलेली पत्रे मुलगी सपाट आवाजात वाचते. तब्येत, वाढदिवस, पाठवलेले थोडे पैसे, पत्र का लिहीत नाहीस, एवढाच मजकूर असतो, आणि पुष्कळदा गाडीच्या खडखडाटात तोही बुडून जातो. आई दिसत नाही, मुलगीही दिसत नाही. छळछावणीचा उल्लेख नाही. तरीसुद्धा लेकीकडून चार दिवस पत्र आले नाही तर एवढे कासावीस होणारी ही आई कोण असावी, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला तो साधा मजकूर साधा लागत नाही.

पुढे २०१५ च्या ‘नो होम मूव्ही’मध्ये तीच आई अखेर पडद्यावर येते, वृद्ध आणि थकलेली, ब्रुसेल्समधल्या स्वतःच्या घरात. मुलगी परदेशी असली की दोघी संगणकाच्या पडद्यावरून बोलतात आणि निरोप घेता घेता संपत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गप्पा होतात, जेवणखाण होते. आईच्या भूतकाळाचा विषय निघतो तेव्हा मात्र तो सांगण्याचे काम बरेचसे मुलगीच करते, आणि तेही आईची देखभाल करणाऱ्या बाईंना. ज्यांच्यावर ते बेतले त्यांच्या तोंडून ते येत नाही. आई २०१४ मध्ये गेली, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आकरमनही गेल्या. त्यांचा स्वतःचा मृत्यू या चित्रपटावर मागाहून लादून तो वाचण्याची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही. घरातल्या रिकाम्या खोल्यांकडे तासभर पाहण्याची जी चिकाटी त्यात आहे, ती आपल्या बळावर उभी राहते.

संकलक यांचा आक्षेप मात्र इथेही लागू होतो, हे मान्य. दारांच्या चौकटींतून आईला टिपणारा कॅमेरा आईने मागितलेला नव्हता.

अष्टागरवासी

या धाग्यावर लिहावे की नाही याचा विचार करत होतो, कारण मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला आहे आणि ज्यू म्हटले की चर्चा न्यूयॉर्क, पोलंड आणि तेल अवीव यांच्यातच फिरते, याची आम्हाला सवय आहे. पण ऑस्कर बर्लिनर यांच्या नकाराविषयी वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली.

‘माझे पूर्वज कोण याच्याशी कुणाचा काय संबंध’ असे म्हणता येणे ही एक चैन आहे. ज्याच्या ज्यू असण्यावर कुणी शंका घेतलेली नाही त्यालाच ती परवडते. आमच्या लोकांना ती परवडली नाही. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये सूचना काढल्या, की लग्न लावण्यापूर्वी आईकडच्या पूर्वजांची जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. म्हणजे नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आम्ही झालो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने ज्यांना शनवार तेली म्हटले त्या लोकांना, आपण कोण हे कागदावर सिद्ध करायला सांगितले गेले. निदर्शने झाली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये लोक ठिय्या देऊन बसले, अखेर त्या देशाच्या संसदेने बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला सूचनांतून आमच्या समाजाचे नाव काढावे लागले.

त्यामुळे बर्लिनर वंशावळीच्या ग्रंथालयात शिरतात तेव्हा प्रेक्षक कौतुकाने हसत असतील. माझ्या घरात ते दृश्य कुणी हसून पाहणार नाही. जी चौकशी एका मुलाने वडिलांच्या मागे हौसेने लावली, तीच आमच्या आजी-आजोबांच्या मागे एका कचेरीने लावली होती. आत्मचित्रणाची भाषा करताना, प्रश्न कोण विचारतो आहे, हे आधी पाहायला हवे.

वाचकमात्र

अष्टागरवासी, हा प्रतिसाद फार मोलाचा आहे. माझ्या शंकेचे उत्तर यात अधिक नेमके मिळाले. सादिया शेपर्ड यांचा बेने इस्रायलांवरचा माहितीपट आपण पाहिला आहे का? त्यांच्या आजी बेने इस्रायल होत्या, एवढे वाचल्याचे आठवते. तो या मालिकेत कुठे बसतो?

अष्टागरवासी

पाहिला आहे. ‘इन सर्च ऑफ द बेने इस्रायल’ हा २००८ चा, आणि त्याच वर्षी त्यांचे आठवणींचे पुस्तकही आले. त्यांच्या आजीचे माहेरचे नाव रेचल जेकब्स. त्यांनी मुंबईत मुस्लिम गृहस्थांशी विवाह केला आणि फाळणीनंतर त्या कराचीला गेल्या. सादिया यांच्या आई पाकिस्तानी मुस्लिम आणि वडील अमेरिकन ख्रिस्ती. शेवटच्या काळात आजीने नातीकडून वचन घेतले, की तू माझ्या पूर्वजांविषयी शिकून घे. ती पुढे शिष्यवृत्तीवर भारतात आली, मुंबईत आणि कोकणात हिंडली.

इथे धागालेखकांचा सिद्धांत उलटा होतो. घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीने नकार दिलेला नाही, उलट तिनेच शोधायला पाठवले आहे. अडचण दुसरीच आहे: नात ज्या समाजाचे चित्रण करते तो तिचा आहेही आणि नाहीही. आमच्यात बसल्यावर ती पाहुणी आहे हे दिसते, आणि ते लपवण्याचा खटाटोप तिने केलेला नाही, याचे मला बरे वाटले. तरी एक रुखरुख राहते. आमच्यावरच्या बहुतेक चित्रपटांत कुणीतरी बाहेरून येतो, नारळ-केळीच्या वाडीतले सिनेगॉग पाहून चकित होतो, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मांडलेल्या मालिद्याचे ताट जवळून टिपतो आणि जातो. भिजवलेले गोड पोहे, त्यावर खोबरे, भोवती फळे: ताट दिसायला सुंदर असते यात वाद नाही. ते ताट नवस फेडण्यासाठी मांडले आहे की लग्नाआधी, आणि मांडताना काकूंचे आपसात काय बिनसले, हे मात्र कळत नाही. ते घरचा माणूसच सांगू शकेल.

आमच्या समाजाने स्वतःविषयी सांगितलेच नाही असे मात्र कुणी समजू नये. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी बेने इस्रायलांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवला होता. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्याच शतकात अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचून ती साकी-दिंडीत उभी केली गेली. कमी आहे ती कॅमेरा हातात घेऊन स्वतःच्या घरात शिरलेल्यांची.

पडद्यामागे

अष्टागरवासी यांनी मांडलेल्या मुद्द्यामुळे चर्चेला वेगळे वळण मिळाले. नकार हा स्वतंत्र गुण मानता येणार नाही. तो कुणाच्या प्रश्नाला दिला आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. या दृष्टीने आर्नोन गोल्डफिंगर यांचा २०११ चा ‘द फ्लॅट’ पाहण्यासारखा आहे. तेल अवीवमध्ये आजी वारते आणि तिचे घर रिकामे करायला कुटुंब जमते. आजी-आजोबा १९३० च्या दशकात बर्लिनहून आलेले, आणि सत्तर वर्षांनीही ते घर जर्मनच होते. कपाटांतून हातमोज्यांचे जोडच्या जोड निघतात. त्या पसाऱ्यात एक जुने नाझी वृत्तपत्र सापडते. एस.एस. या नाझींच्या निमलष्करी संघटनेचे अधिकारी लिओपोल्ड फॉन मिल्डेनश्टाइन यांनी पॅलेस्टाइनच्या प्रवासाची लेखमाला त्यात लिहिली होती, आणि त्या प्रवासात गोल्डफिंगर यांचे आजी-आजोबा त्यांच्यासोबत होते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे युद्धानंतरही, आजीच्या आईची हत्या झालेली असताना, या दोन जोडप्यांची मैत्री पुन्हा सुरू झाली.

इथे गप्प बसणारी व्यक्ती आजी नाही, ती तर गेलेली आहे. गप्प बसते ती दिग्दर्शकाची आई. तिने आयुष्यभर आईवडिलांना काही विचारले नाही आणि आताही तिला विचारावेसे वाटत नाही. मिल्डेनश्टाइन यांच्या मुलीलाही आपल्या वडिलांविषयी फारसे खोलात जायचे नाही. मारणाऱ्यांच्या बाजूची मुलगी आणि मेलेल्यांच्या बाजूची मुलगी, दोघींच्या न विचारण्यात वरवर फरक दिसत नाही, आणि गोल्डफिंगर यांनी ते साम्य झाकलेले नाही. मला तो चित्रपट यासाठीच धाडसी वाटतो.

संकलक

‘द फ्लॅट’मध्ये आईवर कॅमेरा रोखलेला असतानाही तिला न विचारण्याचा हक्क बऱ्यापैकी राखलेला आहे, एवढे मान्य करतो. बर्लिनर यांनी तो हक्क वडिलांना दिला नाही.

अष्टागरवासी, तुम्ही घरातच कॅमेरा नेण्याविषयी लिहिले आहे आणि तो विचार मनात असेल तर दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. पहिली, चित्रण झालेले सर्व साहित्य आधी त्या व्यक्तीला दाखवा आणि मगच कापायला घ्या. कापलेले दाखवले की माणसे भिडेपोटी हो म्हणतात. दुसरी, मराठीत बोलणे झाले तर ते मराठीतच ठेवा, खाली अक्षरे द्या. वर हिब्रू किंवा इंग्रजी आवाज चढवला की बोलणाऱ्याचा तोल, आढेवेढे, मध्येच थांबणे, सगळे वाया जाते, आणि अशा चित्रपटांत ऐकायचे असते ते तेच.

अष्टागरवासी

विचार मनात आहे. माझी थोरली मावशी इस्रायलमधल्या डिमोना गावात राहते, अजून स्वच्छ मराठी बोलते, आणि तिच्या नातवंडांना हिब्रूच येते. १९६४ च्या उन्हाळ्यात ती जेरुसलेमच्या त्या निदर्शनांत होती. फोनवर तिला विचारले तेव्हा तिने अटी घातल्या: मालिद्याचे चित्रण हवे तेवढे कर, स्वयंपाकघरातही ये, पण त्या उन्हाळ्याविषयी मी कॅमेरा बंद असेल तेव्हाच बोलेन. त्या वेळी नुसता आवाज ध्वनिमुद्रित केला तर चालेल का, हे तिला अजून विचारलेले नाही. तिचे उत्तर आले की याच धाग्यावर कळवतो. तोवर संकलक यांनी साध्या माइकविषयी काही सुचवता आले तर सुचवावे, कारण तिचे स्वयंपाकघर लहान आहे आणि पंखा ती बंद करू देत नाही.